बाराव्याचं बारसं नवव्याला

बाळंतशेपांच्या धुरीचा वास आला, की वाशीचं आमचं जुनं घर आठवतं. मी तेव्हा प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होतो आणि जहाज कोपनहेगनहून सुटायचं होतं. "चार दिवस आधी पोचायचंय, कंपनीची ऑर्डर आहे," मी बाळंतीण बायकोला सांगितलं. म्हणजे लेकीच्या बारशाला, बाराव्या दिवशी, मी नसणार. "मग नवव्याला करू," ती म्हणाली. आई चिडली, "लोक हसतील गं." "हसू देत. पाळण्यापाशी बाप नको?" अंगात कणकण असताना तिने घुगऱ्या वाटल्या, लेकीचं नाव ठेवलं. खरं तर कंपनीने एकच दिवस आधी बोलावलं होतं. शहर बघायचं म्हणून तीन दिवस मीच मागून घेतले होते. बायको अजून त्या कंपनीलाच नावं ठेवते. ती मला ठेवायला हवीत.