नाव घालणारा सोमनाथ

सोमनाथच्या तोंडाला लागू नये, असं गुलमंडीतली माणसं एकमेकांना सांगायची आणि तरी नाव घालायला त्याच्याकडंच यायची. भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून, हातात कोरायचं मशीन धरून तो दिवसभर बसायचा. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळ कोरडे, पण शहर फुगतच चाललेलं. टँकरशिवाय घोटभर पाणी न मिळणाऱ्या नव्या इमारतींची वास्तुशांत व्हायची आणि त्यात भेट द्यायची भांडी सोमनाथपुढं येऊन पडायची. "आधी घर घ्या, मग पाणी हुडका," तो गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायचा. "अक्कल गहाण ठेवल्याबिगर चावी देत नसतील." गिऱ्हाईक हसायचं, सोमनाथ हसायचा नाही.

अक्षर मात्र देखणं. अर्ध्या शहराच्या ताटवाट्यांवर त्याचं अक्षर होतं आणि त्याचं नाव एकाही भांड्यावर नव्हतं. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव; घालणाऱ्याला कोण विचारतो? हे त्याला लई डाचायचं.

म्हणून तर तो त्या गेमला चिकटला. मोबाइलवरचा किल्ल्यांचा गेम. कुठकुठली माणसं टोळ्या करून खेळायची. बाकीचे लढायचे, सोमनाथ लोहारकी करायचा. खाणीतून धातू काढायचा, वितळवायचा, जोडायचा. जोडताना फसलं की सगळा माल मातीत. मग मोबाइलला आयमायवरून शिव्या हासडायच्या आणि पुन्हा खाणीत उतरायचं. सगळा हिवाळा त्यात घालून त्यानं एक काळी ढाल घडवली. ढालीवर बोट ठेवलं की खाली ओळ यायची: 'घडवणारा: सोमनाथ'. बाकीच्यांनी गेममध्ये भपकेबाज नावं घेतली होती, यानं स्वतःचंच ठेवलं होतं.

"वाच," त्यानं बायकोला सांगितलं.

"वाचलं की," आशा म्हणाली.

"परत वाच."

ढाल मिळाली टोळीच्या म्होरक्याला, मंदारला. सगळ्यात भारी वस्तू म्होरक्याला, असा टोळीचा नियमच होता. हा मंदार कंपनीत इंजिनिअर, क्रांती चौकामागच्या सोमनाथच्याच गल्लीत अगदी समोर राहायचा. गेममधलं नाव 'डेंजरवाघ', आणि घरात पाल निघाली की आईला हाका मारायचा. गल्लीत गाडी लावण्यावरून दोघांचं वाकडं होतं. सोमनाथनं तरी ढाल दिली, कारण ती कुणाच्याही हातात गेली तरी खाली नाव त्याचंच दिसणार होतं.

उन्हाळ्यात गेमवाल्यांनी नवी टूम काढली. पैसे भरले की वस्तूच्या मालकाला घडवणाऱ्याचं नाव बदलता येईल. मंदारनं त्याच दिवशी बदललं. 'घडवणारा: डेंजरवाघ'. वर टोळीच्या ग्रुपवर ढालीचा फोटो टाकून लिहिलं, 'आपल्या हातचा माल.'

सोमनाथ तडक त्याच्या दारात गेला. "माझं नाव परत घाल."

"अरे, गेम आहे तो," मंदार म्हणाला. "आणि वस्तू माझी आहे ना? भांड्यांवर तरी तू तुझं नाव घालतोस का?"

हे मात्र सोमनाथच्या जिव्हारी लागलं. तो घरी आला आणि ताट सरकवून उठला.

पुढच्याच आठवड्यात मंदारची आई, भानुमतीकाकू, दुकानात आल्या. मंदारची धाकटी बहीण स्वराली, तिचं लग्न ठरलं होतं. "सोमनाथ, सगळ्या भांड्यांवर घाल, 'स्वरालीस मंदारदादाकडून सप्रेम भेट.' नीट घाल हो, आपल्या घरचं कार्य आहे."

"व्हय काकू," सोमनाथ म्हणाला.

आणि त्यानं घातलं: 'स्वरालीस डेंजरवाघ यांजकडून सप्रेम भेट.' परातीवर घातलं, पातेल्यांवर घातलं, पाण्याच्या हंड्यावर सगळ्यात मोठं घातलं. राग आला की त्याचा हात उलट स्थिर व्हायचा. असं वळणदार अक्षर पूर्वी कधी उतरलं नव्हतं. घे म्हणावं, तुला माझ्या कामावर तुझं नाव पाहिजे होतं ना. दुकानाच्या शेठला वाचायची सवय नव्हती, त्यानं सगळं कागदात गुंडाळून पाठवून दिलं.

कागद सुटले ते लग्नाच्या दिवशी, रुखवत मांडताना. जालन्याच्या वऱ्हाडानं मोठ्यानं वाचलं. वाघ म्हणजे नवरीचा भाऊ, हे कळायला वेळ लागला नाही. पंगतीत एक जण विचारी, वाघाला भात वाढू का, दुसरा म्हणे, नको, वाघ गवत खातो. मंदारची मान वर झाली नाही. लग्नाला गेलेल्या आशानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सोमनाथ पोट धरून हसला.

आशा हसली नाही. "मंदारचं गेलं उडत. स्वराली रडली. मी कामावरून येईस्तोवर टँकरच्या रांगेत आपला हंडा कोण पुढं सरकवत होतं? ती पोरगी उन्हात उभी राहायची."

"ते माझ्या ध्यानात नव्हतं."

"होतं तुमच्या ध्यानात," आशा म्हणाली, आणि त्या दिवसापासून जेवायला वाढण्यापलीकडं ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

मग एका दुपारी स्वराली स्वतः दुकानापुढं आली, कमरेवर तो हंडा घेऊन. शेठ लगबगीनं बाहेर आला, बदलून देतो म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. हंडा तिनं सोमनाथच्या पोत्यावर ठेवला.

"घासून देतो, ताई," सोमनाथ म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली आलेला शेठनं कधी ऐकला नव्हता.

"नको. घासलं तरी चट्टा राहील, आणि झालेलं हसं काही घासून जात नाही. जालन्यातही टँकरच येतो, सोमनाथभाऊ. रोज हाच हंडा मी रांगेत लावते. बायका वाचतात आणि विचारतात, हे कुणी गं केलं?" तिनं कोरलेल्या ओळीखालची मोकळी जागा बोटानं दाखवली. "इथं तुमचं नाव घाला."

"ताई, दोन थोबाडीत मार. पण हे नको."

"नाव घाला."

त्यानं मशीन सुरू केलं. जन्मात पहिल्यांदा तो भांड्यावर स्वतःचं नाव घालत होता. पहिलंच अक्षर वाकडं उतरलं. 'सोमनाथ' झाल्यावर तो थांबला.

"पूर्ण घाला," स्वराली म्हणाली. "वडिलांचं नाव, आडनाव, सगळं."

त्यानं तेही घातलं. तिनं एकदा नीट वाचून पाहिलं, हंडा कमरेवर घेतला आणि जालन्याच्या गाडीसाठी स्टँडकडं निघाली.