शब्दाला चित्र
स्टुडिओत तिला सगळे चित्रबाई म्हणत आणि पाठ वळली की हसत. हसणाऱ्यांचं काय जातंय? गाण्यांचे व्हिडिओ करण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती आणि नियम एकच, शब्दात जे आहे ते पडद्यावर दिसलंच पाहिजे. गाण्यात छत्री आली की छत्री हवी. नवी मंडळी म्हणायची, "काळजाचे तुकडे वगैरे लिहू नका रे, बाई कॅमेरा घेऊन खाटकाकडे जातील." यावर तीही हसायची, पण नियम काही सोडायची नाही.

तिची पद्धत ठरलेली. गीतकाराला समोर बसवायचं, कागदाला उभी घडी घालायची, डावीकडे एकेक शब्द लिहायचा आणि विचारायचं, "लिहिताना तुम्हाला काय दिसलं?" उत्तर उजवीकडे. भलेभले घाम पुसायचे, कारण निम्म्यांना काही दिसलेलंच नसायचं.

त्यांतला सगळ्यात कोरा म्हणजे तिचा नवरा. गीतकार म्हणून त्याचं मोठं नाव, पण बावीस वर्षांच्या संसारात एका शब्दाचं चित्र त्याला धड सांगता आलं नाही. "काहीही दाखव गं," हे त्याचं उत्तर. मग ती उजवी बाजू आपल्या मनानं भरायची, आणि लोक म्हणायचे, काय नजर आहे हो कवीची!

त्या सकाळी तो नवं गाणं घेऊन टेबलाशी बसला. दारातली बाई, ओले केस, निवत गेलेला चहा, असं नेहमीचंच काहीतरी. तिनं घडी घातली.

"दार कसलं?"

"हिरवं. खालच्या कोपऱ्यात रंग उडालाय. मांजर नखं घासतं तिथं."

तिचं पेन थांबलं.

"कप?"

"कान तुटलेला. टाकून देत नाही ती. दोन्ही हातांनी धरून पिते."

"आणि केस?"

"डाव्या खांद्यावर घेऊन पिळते. बाही भिजते, पण तिला त्याचं काही नसतं."

तो डोळे मिटून बोलत होता आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं की तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. उजवी बाजू पहिल्यांदाच काठोकाठ भरली.

"अहो, आपल्या दाराचा रंग कोणता?" तिनं विचारलं.

"पांढराच ना?"

तपकिरी होता. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतः उभं राहून लावून घेतला होता.

आता भांडायचं तरी कशावरून? पुरावा काय, तर एक मांजर. ती बाई कोण, कुठली, हे विचारण्याइतकंही तिच्यात त्राण नव्हतं. तिला एवढंच कळायला हवं होतं, की या माणसाच्या डोळ्यांत आपलं काही उरलंय की नाही. उरलं असेल तर मांजर गेलं खड्ड्यात, ती सगळं गिळून टाकणार होती. नसेल तर मात्र बास झालं.

म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. कॅमेरावाल्याला बोलावलं आणि कोऱ्या भिंतीपुढे स्वतःच उभी राहिली. चेहरा घ्यायचा नाही, म्हणाली. नुसते हात, मान, पाठ. सुईत दोरा ओवणारी बोटं. मनगटावरचा इस्त्रीचा डाग, जो नवऱ्याच्याच शर्टापायी पडला होता.

"बाई, गाण्यात इस्त्री कुठाय?" कॅमेरावाला गोंधळला.

"नाहीये. तुम्ही घ्या."

दहा दिवसांनी दुपारी तिनं नवऱ्याला एडिटिंगच्या खोलीत बसवलं. तो पडद्याकडे पाहत होता आणि ती त्याच्याकडे. साडेतीन मिनिटांत तिनं एकदाही मान वळवली नाही.

"माझं दार नाही यात," तो म्हणाला.

"नाही."

"पण छान झालंय गं. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच, तरी आत कुठेतरी लागतं."

तिचा जीव वेडा, लगेच आशेला लागला. त्यानं पुढे वाकून चित्र थांबवलं. पडदाभर तिचं मनगट आणि तो डाग.

"कोण ही? हात अगदी खरे वाटतात, राबलेले. कुठून शोधून काढलीस?"

चेष्टा करत असेल, आता हसेल, म्हणून तिनं त्याला भरपूर वेळ दिला. तो उत्तराची वाट पाहत होता.

"आहे एक ओळखीतली," ती म्हणाली.

"पुढच्या गाण्यालाही हिलाच घे."

"नाही यायची ती. घर सोडून चाललीये."

"अरेरे," म्हणत त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिनं पर्स उचलली आणि ती बाहेर पडली तेव्हा दुसरं कडवं चालू होतं.