शेरा: अंतर्मुख

तिचा स्वभाव घरातल्या चौघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवला, आणि त्या चौघांत ती स्वतःही होती. नंतर तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. दुसऱ्यांनी फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

बाई डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात होती. प्रेसखात्यात बारा मशीनं, एकेका मशीनवर एकेक बाई, आणि चार नंबरवर ही, गेली बावीस वर्षं. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, झाकण पडायचं. बारा मशीनं एकदम पत्र्यावर आपटायला लागली की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंसुद्धा ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे कुणी तोंडाने बोलतच नसे. बोलायचं ते हातांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी. गळ्याशी चिमूट धरली की फोरमन, कारण तो तिथलं बटण कधी उघडं ठेवत नसे. हनुवटी खाली ओढली की सासू. ही भाषा नव्या बाईला शिकायला सहा महिने लागत आणि चार नंबरवाली तिच्यात पंडित होती. पाच नंबरच्या जावयाची नोकरी गेली, अकरा नंबरच्या धाकटीने शाळेत मास्तरांना काय उत्तर दिलं, फोरमनने नवे बूट घेतले ते कसे चावतात, सगळी बातमी तिच्या हातांतून निघून बारा मशीनं फिरून यायची. एकदा तिने फोरमनची चाल अशी करून दाखवली की नऊ नंबरला हसू आवरेना, शेवटी मशीन बंद करावं लागलं. तिचं नाव तिथे रेडिओ. कानाशी बोटांनी बटण पिळलं की समजायचं, तिला बोलावतायत.

घरी तिचं नाव घुमी.

कारखान्यात लागल्यावर पहिल्या वर्षीच तिचा आवाज वाढला. गोंगाटात राहणाऱ्याचा वाढतोच, त्यात त्याचा काय गुन्हा? पण पाहुण्यांसमोर नवरा म्हणाला, "अगं, ओरडतेस काय, आम्ही बहिरे आहोत का?" सगळे हसले. लहानगा मुलगा ती बोलायला लागली की गमतीने कानांवर हात ठेवायचा. मग तिने आवाज खाली आणला. पण ते घर असं की तिथे सगळे एकाच वेळी बोलतात आणि जो मोठ्याने बोलतो त्याचंच ऐकू येतं. नवरा विमा विकणारा, त्याची जीभ म्हणजे घरचंच भांडवल. तिचं वाक्य अर्ध्यावर यायचं तोवर विषय तीन घरं पुढे गेलेला असायचा. दोन-चार वर्षं प्रयत्न करून तिने तो नाद जवळजवळ सोडला. मोठ्याने बोलावं तर ओरडते, हळू बोलावं तर ऐकू येत नाही. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि वर नाव काय, तर घुमी.

तर बाविसाव्या वर्षी कारखान्यात नवीन बाई आल्या, स्वभाव तपासणाऱ्या. सगळ्यांना चार पानी फॉर्म वाटला. माणसं दोन प्रकारची असतात म्हणे, अंतर्मुख आणि बहिर्मुख, आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या स्वभावाचं काम दिलं की कारखाना सुखी. फॉर्म घरी नेऊन निवांत भरायचा होता. निवांत! त्या घरात!

सूनबाई प्रश्न वाचत गेली. तुम्हाला चारचौघांत बोलायला आवडतं का? नवरा हसला, म्हणाला, हिला? हिला दारावरची बेल वाजली तरी घाम फुटतो. तुमचे खूप मित्रमैत्रिणी आहेत का? मुलगा म्हणाला, आईकडे कधी कुणी आलंय का? कुणी येत नव्हतं हे खरंच होतं. तिच्या मैत्रिणी दिवसाचे आठ तास तिच्यासमोर उभ्या असत, त्यांनी घरी कशाला यायचं? पण हे त्या वेळी तिच्या डोक्यातच आलं नाही. बोलणं म्हणजे तोंडाने बोलणं आणि स्वभाव म्हणजे घरातले सांगतात तो, असंच ती धरून चालली होती. प्रत्येक प्रश्नाला तिने मान डोलावली, स्वतःच्या हाताने खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. माणूस स्वतःबद्दल लिहायला बसतो आणि दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं कानात ओतलेलं उतरवून काढतो. त्यालाच पुढे निकाल म्हणतात.

निकाल आला. शेरा: अंतर्मुख. पुढच्या आठवड्यात तिला काचेच्या खोलीत बसवलं. तिथे पट्ट्यावरून झाकणं सरकत येत, पडद्यावर मोठी दिसत, आणि वाकडं झाकण दिसलं की बटण दाबायचं. खुर्ची होती, पंखा होता, दार लावलं की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. फोरमन म्हणाला, नशीब काढलंस. घरी नवरा चार लोकांना सांगत सुटला की हिच्या स्वभावाची अखेर कुणीतरी कदर केली.

पहिल्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढताच पलंगावर पडली. तिला वाटलं, नवीन काम आहे, होतं असं. महिना झाला तरी तेच. बावीस वर्षं आठ-आठ तास उभी राहून ती टुणटुणीत घरी यायची, येताना दोन जिने चढायची, स्वयंपाक करायची. आणि आता खुर्चीवर बसून बसून अंगातला जीव गेल्यासारखं होत होतं. काचेपलीकडे बाया हात हलवताना दिसायच्या, पण पाठमोऱ्या. काय चाललंय ते कळायचं नाही. पाच नंबरच्या जावयाला नोकरी लागली ते तिला बारा दिवसांनी कळलं. त्या दिवशी ती खोलीत एकटीच रडली आणि रडता रडता संतापली. थकायला होतं कुठे आणि हुशारी येते कुठे, एवढं विचारलं असतं तर शेंबड्या पोराने उत्तर दिलं असतं. चार पानांत हा एक प्रश्न नव्हता!

ती स्वभाववाल्या बाईंकडे गेली. बाई गोड बोलायच्या. त्यांनी फाइल काढली, फॉर्म पुढे ठेवला. अक्षर तिचं, सही तिची. बाई म्हणाल्या, काही जणांना आपला खरा स्वभाव मान्य करायला वेळ लागतो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने फक्त फेरतपासणी मागितली, कारण चिडून काही बोललं असतं तर तेही फाइलीत गेलं असतं. फेरतपासणी मिळाली. पण या वेळी एक जास्तीचा कागद होता, तुम्हाला ओळखणाऱ्या जवळच्या व्यक्तीने भरून द्यायचा. दोन्ही कागदांवर एकच निघालं तर चार नंबर परत, नाहीतर ते मशीन कायमचं दुसरीला.

तिने आपला फॉर्म भरला, या खेपेला एकटीने. मग दुसरा कागद नवऱ्यापुढे ठेवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सांगितलं की तिकडे आपण हातांनी बोलतो, दिवसभर बोलतो, आणि तिकडच्या बाया आपल्याला रेडिओ म्हणतात. तो हसला. मग ती गंभीर आहे हे पाहून त्याने चष्मा काढला.

"अगं, खोटं कसं लिहू? तीस वर्षं बघतोय तुला. तुला ओळखतो मी."

"काय ओळखता?"

"हेच, की तू शांत आहेस."

"मी शांत नाही," ती म्हणाली, प्रेसखात्यातल्या आवाजात, "मला तुम्ही बोलू दिलं नाहीत. आणि मी गप्प बसले ते मला गप्प बसणं आवडतं म्हणून, असं तुम्ही समजलात."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा म्हणाला, "ओरडू नकोस."

तिने कागद उचलला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाच नंबरने तो भरला. तिचं शिक्षण बेताचं, एकेक अक्षर कोरत होती, जीभ ओठांत धरून. बाकीच्या बाया भोवती उभ्या. पाच नंबरने लिहिलं की ही बाई बोलली नाही तर आमचा दिवस जात नाही, आणि ती गेल्यापासून तो जात नाहीये. नात्याच्या रकान्यात लिहिलं: शेजारचं मशीन.

स्वभाववाल्या बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, शक्यतो घरचं माणूस असतं तर बरं.

"घरचं नाही लिहिलंय तिथं. जवळचं लिहिलंय," ती म्हणाली, तेही मोठ्यानेच. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. बाईंनी छापलेली ओळ तपासली आणि शिक्का मारला. सोमवारपासून चार नंबर.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. नवऱ्याला खरंच बरं वाटलं, तो तसा वाईट माणूस नव्हताच. त्याने विचारलं, मग तो कागद भरला कुणी?

"पाच नंबरने."

मग अगदी सरळ मनाने, जराही खोट न ठेवता त्याने विचारलं, "ती कोण?"

बावीस वर्षं. त्या बाईच्या घरी दोन लग्नं झाली, एक माणूस गेलं, आणि हे सगळं सांगायला ही दर वेळी याच टेबलाशी येऊन बसली होती आणि अर्ध्या वाक्यावरून उठली होती. तिला वाटलं आता आपल्याला रडू येईल. पण रडू आलं नाही, रागच आला. तिने खुर्ची ओढली, नवऱ्यासमोर बसली, टीव्ही बंद केला आणि पाच नंबर कोण ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तो मध्ये बोलायला गेला तेव्हा तिने तळहात वर करून त्याला थांबवलं. तो थांबला.