अडलेली सुई

आमच्या सासरी सणसरला संक्रांत होत नाही. तीळगूळ देतात-घेतात, पण सुगडं पुजत नाहीत, वाण लुटत नाहीत. फार पूर्वी कुणी एक चुलत आजेसासरे ऐन संक्रांतीला गेले आणि सण अडला. अडलेला सण सुटायचा तर त्याच दिवशी घरात मूल जन्माला यावं लागतं, नाहीतर गोठ्यात गाय व्यावी लागते. इतक्या वर्षांत दोन्ही घडलं नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मी हे माहेरी रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे. मुलगी नऊ महिन्यांची झाली आणि माझं हसणं संपलं, कारण संक्रांतीसारखीच या घरात लसही अडलेली निघाली.

मोठ्या जाऊबाईंचा मुलगा तान्हेपणीच गेला, एवढं मला माहीत होतं. कसा गेला ते कुणी बोलत नसे. आता बोलले. अंगणवाडीत लसीचा दिवस होता, सासूबाई नको म्हणत होत्या, तरी जाऊबाईंनी त्याला उचलून नेलं. सकाळी सुई दिली, दिवेलागणीला मूल गेलं. त्याला न्यूमोनिया झाला होता, छाती आधीपासूनच भरलेली होती, सुईचा काही संबंध नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं म्हणे. पण ते ऐकून घ्यायला तेव्हा कोण शुद्धीवर होतं? घरानं आपलं आपण ठरवून टाकलं, की आपल्यात लसीचा दिवस अडला.

माझ्या मुलीच्या आधीच्या सुया बारामतीला माहेरी झाल्या होत्या. त्याला सासूबाईंची हरकत नव्हती. माहेरचं माहेरी. पण आता ती सणसरच्या उंबऱ्यात आली होती आणि इथला नियम तिला लागू झाला होता. पोलिओचे थेंब मात्र चालायचे. "त्वांडातनं चालतंय. सुई न्हाय," असं त्यांनी मला समजावलं, जणू मीच अडाणी.

एरवी मी वादही घातला नसता, महिना-दोन महिने जाऊ दिले असते. पण ऊसतोडीचे दिवस होते. भवानीनगरच्या रस्त्याला तोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या आणि तिथं दोन पोरांना गोवर निघाल्याचं गावातल्या आशा सेविकेनं सांगितलं. त्यानंतर मला बसवेना. कुणी खोकलं की मी मुलीला घेऊन आतल्या खोलीत. दळणाला जायचं तर कोप्यांवरून जावं लागतं म्हणून मी दळणच टाळलं. तिला आंघोळ घालताना मी तिची पाठ, कानामागचा भाग, पोट सगळं न्याहाळायची. डास चावला तरी तो फोड मी उजेडात नेऊन बघायची.

"गोवर म्हंजी पाहुनी," सासूबाई म्हणायच्या. "येती आन जाती. माझ्या चौघांस्नी आली. फोडनी बंद करायची, लिंबाचा पाला टाकायचा, झालं."

"आत्या, सगळ्यांच्या घरातून नुसती जात नाही ती. घेऊनही जाते."

"आन सुई?" त्या एवढंच म्हणायच्या. मग जाऊबाई उठून बाहेर जायच्या आणि मी वाद तिथंच सोडून द्यायची. त्या बाईच्या देखत हा वाद घालणं म्हणजे तिच्या जखमेवरची खपली काढणं होतं, आणि ती तर दिवसभर घरातच.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, आईला दुखवायला नको, बघू. ह्या 'बघू'चा मला इतका संताप यायचा, की हातातली भाकरी तव्यावर आपटली जायची. गुपचूप बारामतीला नेऊन टोचून आणावं, असं शंभरदा मनात आलं. पण रात्री ताप आला तर तो लपवणार कुठं? आणि मी कामावर जाते तेव्हा दिवसभर ती ज्यांच्या मांडीवर असते, त्यांच्यापासून चोरून पोर वाढवायची कशी?

मग मी आबांकडे, सासऱ्यांकडे, गेले. माणूस शिकलेला नाही, पण रोज पेपर वाचतो. शाळेत लसीचं कार्ड मागतात ते बरोबर की चूक, यावर पारावर बसून दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

"आबा, करोनात तुम्ही दोन-दोन सुया घेतल्या की. तेव्हा नव्हती अडली?"

"ती सक्तीची व्हती," आबा म्हणाले. "गाडी दारात, मास्तर दारात, घेतली न्हाय तर रेशन मिळायचं न्हाय म्हनं. सक्तीचं पाप सरकारला लागतं. आपल्या हातानं घेतल्यालं आपल्याला."

पुण्या-मुंबईचे लोक सक्ती नको म्हणून भांडतात. इथं माझा सासरा सक्ती नाही म्हणून अडून बसला होता. कुणीतरी दरडावून सुई दिली असती तर घर सुटलं असतं.

शेवटी एका दुपारी शेंगा फोडता फोडता माझा तोल गेला. म्हटलं, "आत्या, अडलंय ना? मग सण सुटतो तशी ही सुटणार कधी ते तरी सांगा!"

मी चिडून बोलले होते. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं. शेंगा खाली ठेवल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "तसंच. लसीच्या दिशी घरात पोर झालं, न्हायतर गाय व्याली, की सुटलं."

घरात तर कुणाला दिवस गेलेले नव्हते. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणाल्या, "जर्सीची कास लागलीया. येत्या आठ-धा दिसांत व्यायला पायजे." अंगणवाडीतला लसीचा बुधवार त्याच दिवसांत येत होता.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही हसू येतं आणि लाजही वाटते. डबल ग्रॅज्युएट बाई मी, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन गायीच्या मागे उभी राहायची. कास किती तटतटली, शेपटीच्या बुडाशी खळगा पडला का, सगळं बघायची. रविवारी ती बेचैन झाली तेव्हा मी तिला चक्क हात जोडले, बाई, एवढ्यात नको. सोमवारी ती निवांत रवंथ करत बसली तर मी तिच्यावर खेकसले. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "सूनबाईला दुधाची लईच घाई झालीया." कामावरही माझं लक्ष लागेना. मंगळवारी दुपारपासून गाय उठबस करायला लागली. आज नको. दिवस उगवला की वार बदलतो, आमच्याकडे मोजतात ते तसं. बुधवारचं ऊन पडेपर्यंत तिनं थांबायला हवं होतं.

बुधवारी मला जाग आली ती जाऊबाईंच्या हाकेनं. "व्याली गं! आत्ता व्याली!" ऊन अंगणात आलं होतं. मी पोरीला काखेत मारून गोठ्यात धावले. कालवड होती. चार पायांवर उभी, आचळाला लागलेली. गायीनं तिला चाटून कोरडं केलेलं, पाठीवरचे केस फुललेले. वासरामागची वार पडून गेली होती, खालचं चिपाड बदललेलं होतं. वासरू आत्ता जन्मलं असतं तर अजून ओलं असतं, धडपडत असतं. ही कालवड अंधारातच झाली होती. म्हणजे मंगळवारीच.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघेनात.

सासूबाई आल्या. कालवडीच्या पाठीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला. "दिस उगवल्यावर व्याली न्हवं?"

"व्हय आत्या," जाऊबाई म्हणाल्या. "चांगलं ऊन पडलं व्हतं. मी हितंच हुबी व्हते."

जिनं जन्मभर वासरं ओढून काढली, तिला ती कोरडी पाठ कळली नसेल, असं मी म्हणणार नाही. त्यांनी पायानं चिपाड सारखं केलं. मग म्हणाल्या, "सुटलं मग," आणि चीक काढायला भांडं आणायला गेल्या.

अंगणवाडीत गेल्यावर माझी वेगळीच गत झाली. इतके दिवस भांडले, आणि नर्सबाईंनी सुई भरली तशी मी मुलीला मागे ओढून धरलं. गोवराची दंडात, दुसरी न्यूमोनियाची, ती मांडीत. मुलीनं टाहो फोडला. मागच्या बाया नेहमीसारख्या बोलत होत्या, कुणाच्या पोराला गाठ आली, कुणाला मोबाईलवर कसला व्हिडिओ आला. मला त्यांची तोंडं दाबावीशी वाटली. अर्ध्या तासात घरी जायचं होतं, आणि घरी जायचीच मला भीती वाटत होती. उद्या काही झालं तर? गोठ्यात मीही गप्प राहिले होते. पण खोटं बोलल्या होत्या त्या जाऊबाई, आणि घर दोषी धरणार होतं ते त्यांनाच, दुसऱ्यांदा.

संध्याकाळी ताप आलाच. येईल म्हणून नर्सबाईंनी सांगितलं होतं, औषधाचे थेंबही दिले होते, तरी घरातली ताटं तशीच झाकून राहिली. आबा ओट्यावर पेपर उलटा धरून बसले. नवरा चारचारदा तिच्या कपाळाला हात लावून बघत होता. सासूबाई भाकऱ्या थापत राहिल्या, लागत नव्हत्या तरी थापत राहिल्या. जाऊबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं ते कुणालाच देईनात. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मी बसते." ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसताना त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की त्या मुलाचं, मला कळलं नाही.

सकाळी ताप उतरला होता. मुलगी त्यांच्या मांडीवरच झोपली होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. सगळे आपापल्या कामाला लागले. मी चहा घेऊन त्यांच्याशेजारी टेकले आणि विचारलं, "ताई, कालवड रात्रीच झाली होती ना? का बोललात तसं?"

त्यांनी चहाला हात लावला नाही.

"मी नेलं म्हनून न्हवतं ना गेलं माझं?" त्या म्हणाल्या.

मला आधी राग आला. एवढ्यासाठी? माझ्या पोरीवर पडताळून बघितलं हिनं हे? रात्रभर तिला धरून बसली ती हेच बघायला? आणि पुढच्याच क्षणी माझा राग गळून पडला, कारण इतकी वर्षं ही बाई याच घरात, त्याच माणसांत, हा एक प्रश्न पोटात घेऊन भाकऱ्या भाजत होती आणि विचारायला तिला कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तो आधीच आजारी होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की."

"तुला कसं ठावं? तू तर न्हवतीस तवा."

एका लेकरावरून काहीच ठरत नसतं. त्याच्या जाण्यावरून नाही आणि हिच्या असण्यावरूनही नाही. हे मला चांगलं कळत होतं. तरी मी म्हटलं, "बघा की हिच्याकडं."

त्या बघत राहिल्या. मग वाकून तिच्या मांडीवर, सुईच्या जागी, त्यांनी गाल टेकला आणि मोठ्यानं रडल्या. आतून सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "जाऊ नगंस तिकडं. रडू दे तिला."