बाईंचं ‘बास की’

बाईंनी सेटवर जन्मात कधी ‘कट’ म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, “बास की.” पंगतीत वाढप्यापुढं हात आडवा धरावा, अगदी त्या सुरात. सिनेमा दिग्दर्शित करणारी बाई कोल्हापुरात आम्ही तोवर पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी नट तसाच बोलत राहिला आणि कॅमेरामन आमच्या तोंडाकडं बघत राहिला.

शॉट फसला की बाई बराच वेळ गप्प राहून मग थांबवायच्या. जमला की मात्र त्यांना धीर निघायचा नाही, नटाच्या शेवटच्या शब्दावरच ‘बास की’ येऊन आदळायचं. बाईंचा आवाजही टेपवर उतरायचा आणि साउंडचे दस्तगीरभाई कपाळाला हात लावायचे. दोन श्वास थांबत जा, म्हणून विनवायचे. बाई म्हणायच्या, “पोट भरल्यावर कोण थांबतंय, भाई?”

मी कंटिन्यूइटीची वही लिहायचो. कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर, हातात बांगड्या किती. बाईंना सगळं तोंडपाठ असायचं, तरी रोज संध्याकाळी वही मागून घेऊन वाचायच्या. लिहिणाऱ्याला आपण उगीच लिहिलं असं वाटू नये, एवढ्यासाठी.

सिनेमा निम्मा झाला आणि पैसे घालणारे मालक गडहिंग्लजहून आले. पुढचं काम पुरुष दिग्दर्शक करेल म्हणाले. कुणाची हरकत आहे का, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी वहीत मान खुपसून बसलो.

दुसऱ्या दिवशी बाई मुंबईला निघाल्या. माफी मागायला स्टँडवर गेलो, तर त्याच म्हणाल्या, “गप बसलास ते बरं केलास. घरात पोरं हाईत तुझ्या. माझं काय, मी कुठंबी शॉट लावीन की.”

मला ते खरं वाटलं नाही. पुढं कैक वर्षं त्यांचं नाव कुठं दिसलं नाही. त्यांना बुडवण्यात आपलाही हात आहे, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

मग दस्तगीरभाईंकडं टीव्ही आला. एका संध्याकाळी आम्ही एक नाटिका बघत होतो. सासर सोडून आलेली लेक दारात उभी राहून म्हणाली, “आबा, भूक लागलीय.” त्या शेवटच्या शब्दावरच टीव्हीतूनच, तिच्या मागून कुठून तरी बारीक आवाज आला, “बास की.”

दस्तगीरभाई ताडकन उठले. “अजून थांबंना झाल्यात बाई,” म्हणाले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. शेवटी नावं आली. दिग्दर्शनापुढं बाईंचंच नाव होतं.

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी येऊन जेवायला बसलो. बायको भाकरी वाढत राहिली आणि मी हात आडवा धरायचं विसरलो.