बुडवणाऱ्याला पुन्हा कोण देतं?

माझ्या धंद्यातला मूळ प्रश्न एका दमात सांगता येतो. माणसाने कर्ज बुडवलं तर बँक त्याच्या घराला टाळं ठोकते. देशाने बुडवलं तर टाळं कशाला ठोकणार? देशाच्या वर ना कोर्ट, ना तहसीलदार. तरी बहुतेक देश बहुतेक वेळा पैसे फेडतात. का? या एका 'का'पायी मी अमरावतीत पीएच.डी.ची चार वर्षं घातली. अकोल्याहून आई फोनवर विचारायची, "नोकरीचं काय?" मी म्हणायचे, आधी देशांचं काय ते कळू दे.

माझं उत्तर तयार होतं. नाव खराब होईल या भीतीने देश फेडतात. एकदा बुडवलं की पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. समीकरणंही सुरेख जुळली होती. फक्त आकडे कुरकुर करत होते. बुडवलेले कितीतरी देश थोड्याच वर्षांत पुन्हा बाजारात येत होते आणि त्यांना पुन्हा कर्ज मिळत होतं. त्यांना मी 'अपवाद' म्हणून तळटीपेत कोंबलं. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता आणि फेलोशिप संपत आली होती.

अशात शेंदूरजनाघाटला मामांकडे गेले. बगीच्यात संत्र्यांची तोड चालू होती. तिकडे फळ झाडावर असतानाच बगीचा विकतात, म्हणजे त्यातलं सगळं फळ. व्यापारी थोडा बयाना देतो, उरलेले पैसे तोडीच्या वेळी, आणि सगळं तोंडी. दोन वर्षांपूर्वी भाव पडले तसा एक व्यापारी बयान्यावर पाणी सोडून गायब झाला. मामांचं निम्मं फळ गळून गेलं. तेव्हा मामा त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि आज क्रेट मोजत उभा होता तो माणूस तोच!

माझं डोकंच फिरलं. मामांना बाजूला ओढलं.

"यालेच काहून देला बगीचा?"

"मंग कोनाले देऊ? संत्रा काय झाडावर थांबते माह्यासाठी?"

"पन त्याचं नाव खराब झालं होतं ना!"

"झालं होतं. म्हनून यंदा बयाना दुप्पट घेतला," मामा शांतपणे म्हणाले. "नाव घेऊन काय करू, लोनचं घालू?"

मी तिथेच बांधावर बसले. घेणारा परत का करतो, हे मी चार वर्षं विचारत होते. देणारा परत का येतो, हे एकदाही विचारलं नव्हतं. मामांच्या संत्र्यासारखा त्याचाही पैसा पडून राहिला तर त्याला परवडत नाही. तो येणारच, फक्त व्याज वाढवून. तळटीपेत कोंबलेले देशच खरं सांगत होते.

"काय झालं वं?" मामांनी विचारलं.

"माहं मधलं प्रकरण चुकलं, मामा. अन् सारा प्रबंध त्याच्यावरच उभा हाये."

भीती वाटली. पण खरं सांगायचं तर आनंद जास्त झाला, आणि त्याची थोडी लाजही वाटली. तिथूनच माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला, सगळं सांगितलं आणि वर्षभराची मुदत मागितली.

बाईंनी विचारलं, "मग देश कर्ज का फेडतात?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"चार वर्षांत पहिल्यांदा असं म्हणालीस," बाई म्हणाल्या. "घे वर्ष. फेलोशिप मिळणार नाही, सांगून ठेवते."