हिरव्या पडद्याआडची भाषा

आमचा अनिरुद्ध, माझा धाकटा भाऊ, तंजावुरात सर्जन आहे. नावाजलेला वगैरे नाही. हर्निया, अपेंडिक्स, कापणीत विळा लागलेले पाय. हात मात्र सफाईचा. तोंडाचं विचारू नका. ते आमच्या घराण्यातच आहे, माझंही तसलंच.

त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. ऑपरेशन करताना तो आणि सुप्रभा सिस्टर मराठीत बोलत. सुप्रभा आमच्याच राजवाड्याकडच्या गल्लीतली, मराठा राजांबरोबर इथं आलेल्या घरांपैकी. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं तरी पेशंट जागा असतो, सगळं ऐकतो. म्हणून रक्त जास्त जाऊ लागलं, काही अडलं, की हे दोघं मराठीवर यायचे. पेशंटला कळत नाही, तो घाबरत नाही, पूर्वजांची भाषा अशी उपयोगी पडते, असं अनिरुद्ध चारचौघांत सांगायचा. मलाही ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी हॉस्पिटलनं डिझाइन शिकलेली मंडळी बोलावली. ऑपरेशन थिएटरमधली कामाची पद्धत त्यांनी डॉक्टरांबरोबर बसून नव्यानं ठरवायची होती. लावण्या नावाची मुलगी त्यांची पुढारी. खुर्च्यांचे आकार ठरवणारी पोरं आता मला शिकवणार, म्हणून अनिरुद्ध घरी येऊन धुसफुसला. त्या मंडळींनी आधी कितीतरी दिवस कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघितलं. मग एका रिकाम्या खोलीत पुठ्ठ्याचं टेबल मांडलं आणि सगळ्यांना एकमेकांच्या जागी उभं करून खोटं ऑपरेशन करायला लावलं. पूर्वी थिएटरमध्ये काम केलेल्यांनाही बोलावलं होतं. त्यांत जननी होती, ओरत्तनाडूकडच्या तमिळ घरातली नर्स. हात फार संथ म्हणून अनिरुद्धनंच तिला वॉर्डात धाडलं होतं.

अनिरुद्ध झाला पेशंट. छातीवर आडवा हिरवा पडदा लावला, पलीकडचं काही दिसेना. जननी झाली सर्जन. आधी सगळं तमिळमध्ये सुरळीत चाललं. मग तिनं थेट त्याचा आवाज काढला आणि मराठीसारखं काहीतरी निरर्थक भराभर बोलू लागली. लोक पोट धरून हसले. अनिरुद्ध मात्र मान उंचावून पडद्यापलीकडे बघायला धडपडू लागला. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्यापासून लपवतायत, एवढंच त्याला कळत होतं. नाटक आहे हे ठाऊक असून त्याला घाम फुटला.

तेवढ्यात जननीनं त्याच अगम्य भाषेत काहीतरी मागत हात पुढे केला. नर्स झालेला एक डॉक्टर नुसता बघत राहिला. ती तमिळमध्ये ओरडली, "कान घरी ठेवून आलीस का? पुन्हा या खोलीत पाऊल टाकू नकोस."

वाक्य अनिरुद्धचं होतं; त्यानं मराठीत मागितलेलं न कळून थांबलेल्या जननीलाही त्यानं हेच सुनावलं होतं. खोलीतल्या प्रत्येकानं ते ऐकलेलं होतं, त्यामुळे आता कुणी हसलं नाही. पडद्यामागून उठून त्या माणसांसमोर यायचीच त्याला लाज वाटली. घरी आला तो जेवला नाही. मीही आग्रह केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

नवी पद्धत ठरवायला तो स्वतः लावण्याशेजारी बसला. अडचण आली की सगळ्यांना कळेल अशा भाषेत, ज्याला सांगायचं त्याचं नाव घेऊन बोलायचं. त्यानं ते परत म्हणून दाखवायचं. पेशंटच्या उशाशी एकानं बसून काय चाललंय ते त्याला सांगत राहायचं. एवढं झाल्यावर तो वॉर्डात गेला, सगळ्यांदेखत जननीची माफी मागितली आणि थिएटरमध्ये परत ये म्हणाला.

ती अदबीनं उभी राहिली. "नको सर. राजवाड्याकडे बाजारात कुणी मराठीत बोललं तरी माझे हात थांबतात. माझ्याकडून काहीतरी चुकलंय असंच वाटतं."

घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं. मी मराठीत विचारत होते. तो मान खाली घालून तमिळमध्ये उत्तरं देत होता.